मदत उघडली, मैनाबाई सापडेना

"ताई, त्या 'मदत' बटनाले हात नका लावजा. ब्राउझर उघडते अन् मंग पानावर पान," कॉम्प्युटर बसवणाऱ्या माणसाने बजावलं होतं. तोलपावत्या करणाऱ्या मोनालीने ते हसण्यावारी नेलं. बी.कॉम. झालेल्या बाईने मदतीला काय भ्यायचं?

माघातली दुपार होती. खरेदी केंद्रावर कापसाचे पुंजके इतके सावकाश तरंगत होते, की खाली यायचं विसरले असावेत. खिडकीच्या गजाला बांधलेल्या झोळीत तिचा आठ महिन्यांचा धम्मरत्न झोपला होता. तोलपावतीचा प्रोग्राम अडला, म्हणून तिने 'मदत' दाबलं. चार दिवस नेट नव्हतं, तरी ब्राउझर उघडला आणि ठळक अक्षरं उमटली : 'मदत. काय शोधायचे आहे?'

खिडकीबाहेर फुलसावंगीचा उकंडाबुवा उभा होता. दोन दिवस त्याची बैलगाडी रांगेत, नंबर सोडता येईना. आणि घरी बायको मैनाबाई एकटी, डोळ्याचं ऑपरेशन झालेली. साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं एकेक लावत त्याने पडद्यावरचा पहिला शब्द वाचला.

"आली का वं पोरी, मदत?"

"सरकारची नाही, काकाजी. ही कॉम्प्युटरची. या डब्यातच असते."

"डब्यातच होती? अन् आमी दोन वर्सं टीव्हीकडं पाहून राह्यलो."

मागे रांगेत कुजबुज पसरली. मागच्या गाडीवरचा धनसिंग विचारू लागला, मदतीचं फारम कुठं भेटते.

"काय शोधाचं, असं पुसून राह्यली न ते?" उकंडाबुवा म्हणाला. "मंग मैनेले पाह्य. जेवली का नाही."

त्याचं मन राखायला मोनालीने 'मैनाबाई' लिहिलं. उत्तर आलं : 'सापडले नाही.'

"सापडली नाही? परवा त घरीच होती." तो बैल जुंपायला वळला.

"थांबा, नंबर जाईल! याले फक्त प्रोग्रामची पानं दिसतात. हे पाहा, माझं पोरगं इथंच झोपलं आहे." तिने 'धम्मरत्न' लिहिलं.

'सापडले नाही.'

"पाह्यलं?" ती हसली. हसता हसताच तिचा हात झोळीकडे गेला. कापड सारून तिने लेकराच्या छातीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. श्वास चालू होता.

उकंडाबुवा गज धरून बघत होता. "तू त पाहून घेतलं," तो म्हणाला.

प्रोग्राम अजून अडलेलाच आहे. मोनाली येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, फुलसावंगीकडे जाणार का; पण सगळे रांगेतलेच, जागचे हलू न शकणारे. तुम्ही मात्र त्या रस्त्याने जाणार असाल, तर फुलसावंगीत मैनाबाईंकडे जरा डोकावा. जेवल्या का, तेवढं विचारून या.