बिराजदार सरांची टकटक

इन्क्युबेटर उघडण्याआधी बिराजदार सर त्याच्या दारावर टकटक करतात. आत माणूस नसतो. बशीत वाढवलेल्या पेशी असतात. "एकदम उघडलं तर दचकतील की त्या," म्हणतात. नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत मी संशोधनाला आले तेव्हा फार हसले होते. आता घरच्या फ्रिजलाही टकटक करते.

सर मूळचे इकडच्याच मुरुडचे. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत कुणाला दिवा लावू देत नाहीत. अंधारात कपाटाला धडकले, की कपाटालाच "माफ करा" म्हणतात.

मला त्यांच्या हाताखाली एक रेणू बनवायचा होता. एरवी विझलेला, पेशीतल्या ठराविक एन्झाइमनं त्याची शेपटी कापली, की हिरवा चमकणारा. म्हणजे ते एन्झाइम ज्या पेशीत, तेवढीच उजळणार. कागदावर तरी तसंच होतं.

प्रत्यक्षात तो कुठंही पेटायचा. एन्झाइम नसलेल्या पेशीत, अगदी रिकाम्या बशीतसुद्धा. सरांनी जांभळ्या उजेडाची बॅटरी माझ्यावर फिरवली. बाही हिरवी, कोपर हिरवं. हातमोज्यानं नाक खाजवायची सवय असल्यानं नाकाचा शेंडाही हिरवा.

"लई भारी! पेशी ऱ्हायल्या बाजूला, तूच चमकून ऱ्हायलीस."

"सर, सूत्र बरोबर होतं."

"सूत्र हाय बरोबर. रेणू धुवायचा आळस केलास. बिनशेपटीचा रंग तसाच मिसळून ऱ्हायलाय."

मग मी बनवत गेले, धुवत गेले. सर रोज विचारत, "पेटलं का?"

"पेटलं, सर."

"नको तिथंच?"

"हाव."

एका दुपारी मात्र एन्झाइम नसलेली बशी काळीभोर राहिली आणि दुसरीत एकेक पेशी हिरवी होत गेली. सर बराच वेळ डोळा लावून बसले. मग म्हणाले, "घरी फोन लाव."

मी मुखेडला आईला लावला, स्पीकरवर. तिला यातलं काही कळत नाही हे सांगेपर्यंत सरांनी फोन घेतला. "ताई, पोरीनं लई मोठं काम केलंय," म्हणत शेपटीपासून हिरव्या रंगापर्यंत सगळं समजावलं. आई हाव, हाव करत होती.

"कळंना झालंय ना, ताई? आमच्या मंडळींनाबी कळत न्हवतं. पण ऐकायची. ती गेल्यापासून सांगायला कुणी न्हाई घरात."

आई म्हणाली, "सर, जेवलात का?"

"न्हाई अजून. तुम्ही काय केलंय आज?"

अंबाडीची भाजी कशी घोटली, इथून आईनं सुरुवात केली. सर "हाव, हाव" करत ऐकत राहिले.