मरळीचं तळं कसं सुधारलं

मुलांनो, मांडी घालून नीट बसा. एका जंगलात एक तळं होतं. दिसायला अगदी गबाळं. एका कोपऱ्यात अर्जुनाचं जुनं झाड उन्मळून पाण्यात पडलेलं. त्यावर बोटभर शेवाळ. काठाला पाणकणीस माजलेलं, वर उंबराची दाट सावली आणि खाली गढूळ पाणी.

त्या तळ्यात मरळी होत्या. मरळ म्हणजे लांबट, सापासारख्या डोक्याचा दांडगा मासा.

काठावर भिमाक्का नावाची पाणमांजर राहायची. म्हातारी, निम्म्या मिशा झडलेली. तिला रोज एक मरळ मिळायची. बाकीचे प्राणी दिवसभर गळ टाकून बसायचे आणि गांडुळं तेवढी भिजवून घरी जायचे.

अखेर सगळे राजाकडे गेले. राजा गवा होता. त्याने जन्मात मासा खाल्ला नव्हता. त्यामुळे मासेमारीबद्दल त्याची मतं ठाम होती.

त्याने भिमाक्काला बोलावलं. "तुलाच मासा कसा गं मिळतो? खरं सांग."

भिमाक्का साधी. लहानपणापासून तिने बोधकथाच ऐकलेल्या. तिने सगळं सांगून टाकलं.

"महाराज, मरळ उघड्यावर फिरत नाही. आडोसा धरून बसते. बुडालेल्या खोडाखाली, नाहीतर पाणकणसाच्या मुळांशी. बेडूक जवळून गेला की झडप घालते. ऊन चढलं की सावलीत खोल जाते, सकाळ-संध्याकाळ काठाला येते. हे लोक भर दुपारी तळ्याच्या मधोमध गळ टाकतात. तिथे कोण येणार?"

"आणखी काही?"

"पाण्यात लालसर पिलांचा पुंजका दिसला की मी मागे फिरते. खाली आईबाप राखणीला असतात. त्यांनाच धरलं तर पुढच्या वर्षी खायचं काय?"

राजाचे डोळे भरून आले.

"म्हणजे माझी प्रजा कुजक्या लाकडाखाली राहते? अंधारात? चिखलात?"

"त्यांना तेच आवडतं, महाराज."

"गरिबाला सगळंच आवडतं," प्रधान बगळोपंत म्हणाले. "चांगलं कधी पाहिलेलं नसतं ना."

दुसऱ्याच दिवशी तळ्याची सुधारणा सुरू झाली. हत्तींनी अर्जुनाचं खोड ओढून काढलं. रानडुकरांनी पाणकणीस मुळासकट उपटलं. पानं गळून कचरा होतो म्हणून उंबर तोडला. तळाशी पांढरे गोटे पसरले. पाणी असं नितळ झालं की वरून गोटे मोजावेत.

त्या नितळ पाण्यात एक लालसर पुंजका उघडा पडला. मरळीची जोडी त्याच्याभोवती वेड्यासारखी घिरट्या घालत होती.

भिमाक्का धावत आली. "पंत, दोन आठवडे थांबा हो. पिलं आहेत."

"आक्का, पिलं काय, दरवर्षी होतात," पंत म्हणाले आणि त्यांनी मान लांब केली.

दुपारपर्यंत पुंजका संपला. पंतांनी त्या दिवशी घरचा डबा उघडलाच नाही.

भिमाक्का काठावर बसून राहिली. मी तोंड उघडलं नसतं तर, एवढंच तिच्या मनात येत होतं. तिला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी पावसाची सर आली. उरलेल्या मरळी ओल्या गवतातून सरपटत निघाल्या. मरळीला ते जमतं. वरची हवा घेऊन ती पाण्याबाहेरही तग धरते. टेकडीमागे एक डोह होता. त्यात पडलेल्या फांद्या होत्या, चिखल होता आणि वास तर विचारू नका. मरळी सुळकन आत शिरल्या. भिमाक्काने लांबून पाहिलं.

मग तळ्याचं उद्घाटन झालं. राजाने वेल तोडली, माकडांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी गळ टाकले. मासा नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

राजाने पुन्हा भिमाक्काला बोलावलं. "मासे कुठे गेले? तुला माहीत असणार. खरं सांग."

भिमाक्काने मान वर केली. राजाच्या मागे बगळोपंत उभे होते. त्यांच्या काखेत आखणीच्या नव्या खुंट्या होत्या आणि चोचीत मोजपट्टी.

तिची ही आयुष्यातली पहिलीच थाप होती.

"तळ्यातच आहेत, महाराज."

"मग गळाला का लागत नाहीत?"

"सुखात आहेत. पोटं भरलेली आहेत. गांडुळाकडे कशाला बघतील?"

राजाने आनंदाने शेपटी उडवली. "ऐकलंत, पंत? इतकी समाधानी प्रजा कुठल्या राज्यात आहे?"

तळ्यात मासा नाही हे पंतांना पक्कं ठाऊक होतं. रोज पहाटे तेच तर शोधून पाहत होते. पण तसं म्हणावं तर सुधारणा फसली असं म्हणावं लागणार. त्यांनी मोजपट्टी खाली ठेवली. "मी तेच म्हणणार होतो, महाराज."

तेव्हापासून सगळे प्राणी त्या सुंदर तळ्यावर रोज बसतात आणि हातातून निसटलेल्या मोठ्या माशाच्या गोष्टी एकमेकांना सांगतात. भिमाक्का लांबच्या वाटेने टेकडीमागे जाते. कुणी विचारलंच तर सांगते, "देवाला निघालेय." पुढच्या वर्षी त्या घाणेरड्या डोहात तीन लालसर पुंजके तिने मोजले आणि उपाशीपोटी माघारी आली. येताना ती चक्क गुणगुणत होती.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त मासा कुठे बसतो असं कुणी विचारलं, तर आधी त्याच्या हातात गळ आहे की मोजपट्टी, ते बघावं. गळ असेल तर थोडं खोटं बोलावं. मोजपट्टी असेल तर पूर्ण.