नक्कलकाराचे अस्सल पत्र

तापातून उठून तिसऱ्या दिवशी टाक संग्रहालयात कामावर आला, तेव्हा त्याने स्वतः लिहिलेले प्रेमपत्र साहेब सगळ्या कचेरीला मोठ्याने वाचून दाखवत होते.

‘टाक’ हे त्याचे कचेरीतले नाव. तो जुन्या पत्रांच्या नकला करीत असे. अस्सल पत्रे उजेडाने विटू नयेत म्हणून ती अंधाऱ्या कपाटात ठेवायची आणि काचेखाली त्याने केलेली प्रतिकृती मांडायची, असा तिथला रिवाज होता. दौतीत टाक बुडवला की शंभर वर्षांपूर्वीच्या कोणाही माणसाचे अक्षर त्याच्या हातातून उतरे. स्वतःच्या तोंडाने बोलणे मात्र त्याला जड जाई. प्रत्येक वाक्याआधी त्याला कुठेतरी खोल बुडून यावे लागे, आणि तो वर येईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. नाव त्यावरूनच पडले होते.

शेजारच्या खोलीत फाटक्या कागदांची दुरुस्ती चाले. ते काम करणारी तरुणी, म्हणजे टाकची शेजारीण, लगदा स्वतः भिजवी, चाळणीवर गाळून कागदाचे ताव स्वतः करी आणि जुन्या पत्रांची भोके अशा हळुवारपणे बुजवी, की पत्रांनाही बरे वाटत असावे. दोन वर्षांत टाकने तिच्याशी अकरा वाक्ये बोलून पार पाडली होती. त्यांतली नऊ कागद चिकटवायच्या खळीविषयी होती, खळ पातळ झाली किंवा खळ घट्ट झाली अशी, आणि उरलेल्या दोन वेळा तो नुसता ‘हो’ म्हणाला होता.

रोज सकाळी हात मोकळा व्हावा म्हणून तो सरावाचा एक कागद लिहून फाडून टाकत असे. त्या सकाळी शेजारून पाण्याचा आवाज येत होता आणि अंगात कसर होती. सरावाच्या ओळींऐवजी हाताने पत्रच लिहायला घेतले. ते पाठवायचे नव्हते, त्यामुळे शब्दांना भीती नव्हती. तारीख सवयीने शंभर वर्षांपूर्वीची पडली. मागे एकदा रजेच्या अर्जावरही तशीच पडली होती आणि साहेबांनी ‘मुदत उलटून गेली’ असा शेरा मारून अर्ज परत पाठवला होता. एकदा तारीख पडल्यावर सवय आपली पुढे चालत गेली. त्याने कागद कोऱ्या चहात बुडवला, वाळवला, घड्या पाडल्या, कडा झिजवल्या, आणि तापल्या सुईने वाळवीची भोकेही पाडली. एवढे झाल्यावर खरा ताप चढला. पत्र मेजावर तसेच राहिले आणि तो घरी गेला.

पुढचे सगळे शिपाईमामांच्या नीटनेटकेपणामुळे घडले. प्रत्येक प्रतिकृतीच्या पाठीवर, कोपऱ्यात, एक छोटा गोल शिक्का मारलेला असे. शिक्क्याचा कागद नकलांच्या फायलीत, बिनशिक्क्याचा अस्सलांच्या पेटीत, हे मामांचे शास्त्र. या पत्रावर शिक्का नव्हता. असणार कसा? ती कशाचीच नक्कल नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच नक्कलकाराने काही अस्सल लिहिले होते.

“ऐका,” साहेब वाचत होते. “‘आपले खोलीतून पाण्याचा आवाज येतो, तेव्हा माझे लिहिणे थांबते. बोलावयाचे पुष्कळ आहे, परंतु आजवर विषय खळीपलीकडे गेला नाही. येते गुरुवारी सायंकाळी साडेपाच वाजता पुलावरील तिसरे दिव्याखाली उभा राहीन. न आलात तरी राग नाही.’ खाली सही नाही. काय माणूस असेल बघा.”

“भित्रा असेल,” मामा म्हणाले.

“भित्रा माणूस असं लिहितो होय?”

“लिहितोच की. बोलता आलं असतं तर कागद कशाला खराब केला असता?”

टाकच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. याआधीचा नक्कलकार अशाच एका बिनशिक्क्याच्या कागदापायी घरी बसला होता. खरे सांगावे, तर नोकरी जाणार. नोकरीचे एक वेळ राहो. खरे सांगायचे म्हणजे पत्र कोणाला लिहिले तेही सांगायचे, आणि ती तर तीन हातांवर दाराला टेकून उभी होती. गप्प राहावे, तर संग्रहालयाच्या नोंदवहीत एक खोटा कागद कायमचा शिरणार, आणि त्या वहीइतका विश्वास त्याने जगात दुसऱ्या कशावरच ठेवला नव्हता. तो बुडाला आणि मोठ्या कष्टाने वर आला.

“साहेब, ते पत्र...”

“भोकं पडलीत, माहितेय मला.” साहेबांनी पत्र शेजारणीच्या हाती दिले. “आधी दुरुस्ती. मग तू प्रतिकृती कर. येत्या गुरुवारी प्रदर्शन उघडतंय, मधोमध हेच ठेवू.”

शेजारणीने कागद खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला.

“भोकं फार शिस्तीत आहेत,” ती म्हणाली. “आपल्याकडची वाळवी एवढी व्यवस्थित नसते.”

“पूर्वीची वाळवीच वेगळी होती,” साहेब म्हणाले.

दुरुस्तीला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत टाकने भिंतीपलीकडच्या शांततेचे जितके अर्थ लावले, तितके एखाद्या शिलालेखाचेही कोणी लावले नसतील. पाचव्या दिवशी पत्र त्याच्या मेजावर आले आणि स्वतःच्याच पत्राची नक्कल करायची पाळी त्याच्यावर आली. जे एका दमात उतरले होते, ते आता अक्षर अक्षर तोलून काढायचे होते. ‘बोलावयाचे पुष्कळ आहे’ या ओळीपाशी तर तो असा लाजला, की तिथे शाई दोनदा सुकली.

इतिहासाचे प्राध्यापक तपासायला आले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मान हलवली.

“नाही जमलं. अक्षर तंतोतंत आहे, पण जीव नाही. मूळ लेखक प्रेमात होता हो. तुम्ही कधी कुणाला असं पत्र लिहिलंय?”

“एकदा,” टाक म्हणाला.

“मग ते आठवून लिहा.”

नंतर प्राध्यापकांनी संशोधनाला हात घातला. खळीचा उल्लेख आहे, म्हणजे मुलगी कापडवाल्यांच्या घरची. पाण्याचा आवाज येतो, म्हणजे घरामागे रंगाऱ्यांचे हौद.

“पण त्या काळी पुलावर दोनच दिवे होते ना?” साहेबांनी विचारले.

टाकला सुटकेची वाट दिसली. त्याने आशेने प्राध्यापकांकडे पाहिले. प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

“तिसरा दिवा म्हणजे ती,” ते म्हणाले.

साहेबांनी रुमाल काढला. “आणि त्याचं पुढं काय झालं?”

“गेला. सही नाही, दुसरं पत्र नाही. त्या साली साथ आली होती. माझ्या अंदाजानं बुधवारी गेला असावा.”

“बिचारा,” मामा म्हणाले. क्षणभर टाकलाही वाईट वाटले.

प्राध्यापकांनी हे सारे वर्तमानपत्रात लिहिले. ‘शंभर वर्षे न झालेली भेट’ असा मथळा आला, आणि गुरुवारी प्रदर्शन उघडल्यावर सर्वांनी पुलावर जावे, असे साहेबांनी जाहीर केले. गावाला कारण पुरले. पाचच्या सुमारास पुलावर हात धरलेली जोडपी होती, न धरलेली जुनी जोडपी होती, फुगेवाला होता, आणि तिसऱ्या दिव्याखाली एका खुर्चीवर उभे राहून प्राध्यापक बुधवारचा पुरावा समजावून देत होते.

टाक गेला. गर्दीत साहेबांना गाठून सगळे सांगून टाकायचे, हे त्याने ठरवले होते. पण साहेब दिसेनात, आणि लोकांनी रेटत रेटत त्याला दुसऱ्या दिव्याशी आणून सोडले. कठड्याला टेकून तो खालचे पाणी पाहत राहिला. पाणी किती सहज बोलत पुढे जाते, असे काहीसे त्याच्या मनात आले.

“तिकडं जागाच नाही,” मागून कोणीतरी म्हणाले. “इथं चालेल ना?”

शेजारीण होती. कामावरून तशीच आलेली. मनगटावर लगदा वाळलेला.

टाक बुडाला. ती थांबली. तिने घड्याळ पाहिले नाही, की त्याचे वाक्य स्वतः पुरे केले नाही. तो वर येईपर्यंत एखादा माणूस उभा राहतो, हा अनुभव त्याला नवा होता.

“कधी कळलं?” त्याने विचारले.

“पहिल्याच दिवशी. कागद माझा आहे, माझ्याच वाळत घातलेल्या दोरीवरनं नेलात तुम्ही. चाळणीची एक तार तुटलीय, उजेडात धरला की रेघ दिसते. आणि ती काही शंभर वर्षांपूर्वी तुटली नाही. गेल्या महिन्यात तुटली, माझ्या हातनं.”

“मग बोलला नाहीत?”

“बोलले असते तर तेव्हाच परत ताप आला असता तुम्हाला.”

“पण भोकं बुजवलीत. चार दिवस.”

“चार तासांचं काम होतं,” ती पाण्याकडे पाहत म्हणाली. “पण तेवढे दिवस पत्र माझ्याकडं राहिलं.”

प्राध्यापकांच्या बाजूने टाळ्या ऐकू आल्या.

“साहेबांना सांगायला हवं,” टाक म्हणाला.

“हवंच. चला, दोघं जाऊ. तुम्ही वर येईपर्यंत मी बोलत राहते.”

साहेब फुगेवाल्यापाशी सापडले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग कचेरीतल्यासारखा झाला.

“शिक्का का मारला नाहीस?”

“नक्कल नव्हती, साहेब.”

साहेब नियमाचा माणूस. नियमात बिनशिक्क्याच्या नकलेला शिक्षा होती. बिनशिक्क्याच्या अस्सलाला कुठेच नव्हती. त्यांनी बराच विचार करून पाहिला, तरी सापडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोंदवही मागवली आणि ‘काळ’ या रकान्यात ‘चालू’ असे लिहिले. ‘लेखक : अज्ञात’ खोडून ‘हयात, पहिला मजला’ अशी दुरुस्ती केली. पत्र ज्याला लिहिले त्याच्या मालकीचे, असे ठरवून ते शेजारणीला परत केले. काचेखाली नक्कल राहिली. तिच्यावर शिक्का होता, आणि खाली खरी हकीकत दोन ओळींत लिहिली होती.

प्राध्यापकांना हे पटले नाही. मत आपल्या जागी, पुरावा आपल्या जागी, असे ते म्हणाले. ते अजूनही पाहुणे घेऊन येतात आणि खालच्या दोन ओळी झाकून उभे राहतात. परवा ते मुलीच्या घरामागचे हौद समजावत असताना टाक बगलेत कागदांची गुंडाळी घेऊन तिथून चालला होता. गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या एका आजींना नीट ऐकू येत नसावे. त्यांनी टाकची बाही धरली.

“काय रे बाळा, मग आली का ती?”

“आली, आजी,” टाक लगेच म्हणाला. “पाच मिनिटं उशिरा.”