तुंगाक्काच्या कंबरेचं उद्यापन

एका जंगलात, बाळांनो, तुंगाक्का नावाची रानम्हैस राहत होती. मोठी भाविक. चतुर्थीला दूर्वांना तोंड लावायची नाही. म्हणायची, "आज त्या गणपतीच्या."

तिच्या पाठीवर बसून किडे टिपणाऱ्या बकोपंत बगळ्याने एक दिवस कॅमेरा आणला आणि 'रानसुंदरी' मासिक काढलं. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ वडाला टांगलं. त्यावर एक म्हैस होती. रंग गव्हाळ, मान लांब, कंबर वेलीएवढी. आणि पोट? पोट नव्हतंच.

ते बघून अस्वलीण घरी जाऊन अंगावरचे केस उपटत बसली. तुंगाक्काला असली उपटाउपटी जमणारी नव्हती. तिने व्रत धरलं, कंबरगौरीचं. एकवीस दिवस, सकाळी दव चाटायचं आणि संध्याकाळी गवताच्या तीन काड्या.

नवव्या दिवशी तिची पारडी चिंगी ढुशा देऊन देऊन दमली.

"आई, दूध येत नाहीये."

"धीर धर गं. आईची कंबर यायचीय."

"मग मी कंबर पिऊ का?"



पंधराव्या दिवशी चिंगीला उभं राहवेना. तुंगाक्काचा जीव कासावीस झाला. पण घेतलेलं व्रत टाकायचं कसं? मग तिने ठरवलं, उद्यापन आजच करू. जिच्यासारखं व्हायला व्रत धरलं, तिलाच सवाष्ण म्हणून पोटभर जेवू घालू. गौर समजून घेईल, तीही बाईच आहे.

तिने बकोपंतांना गाठलं. "पंत, त्या चित्रातल्या ताईंचा पत्ता द्या. जेवायला बोलवायचंय."

बकोपंतांची चोच उघडीच राहिली. "अहो अक्का, त्या तुम्हीच! डोहात डुंबताना काढला होता फोटो. मी फक्त पोट पुसलं, मान ओढली, रंग उजळला. डावा फाटका कान तेवढा राहून गेला. माफ करा हं."

तुंगाक्काने निरखून पाहिलं. कान तिचाच होता.

"आणि पुसलेलं पोट कुठे ठेवलंत?"

"पुसलेलं कुणी ठेवतं का, अक्का?"

"त्यात माझी चिंगी वाढली होती, पंत."

मग ती एकदम लगबगीने वळली. सवाष्ण तर दारात आली होती, आणि तीही पंधरा दिवसांची उपाशी! तुंगाक्काने कुरणाच्या मधोमध पाट मांडला. स्वतःला कुंकू लावलं. स्वतःलाच आग्रह केला, "ताई, लाजू नका, अजून थोडं घ्या." आणि "नको, नको, पुरे" म्हणत निम्मं कुरण वाढून घेतलं.

दोन दिवसांत चिंगीच्या नाकातोंडावर दुधाचा फेस दिसू लागला.

बकोपंतांनी लगेच तुंगाक्काचा फोटो काढला. पुढच्या अंकात तो झळकला, पुन्हा पोटाशिवाय. खाली लिहिलं होतं, 'कंबरगौर पावली!'

तुंगाक्का वडाखाली थांबली. चित्राकडे बघून हळहळली.

"बिचारी! परवा एवढी जेवली, तरी किती वाळलीय. मंगळवारी पुन्हा बोलवते हिला."

तात्पर्य : कंबरेचं व्रत जरूर धरावं. फक्त उद्यापन पहिल्याच दिवशी करावं, आणि पुढे रोज.