टर्की, मेव्हणा आणि नवी नळी

"यंदा थँक्सगिव्हिंगची टर्की विकत आणायची नाही!" मी बायकोला, लॉर्नाला, ठणकावून सांगितलं. "क्लबच्या नेमबाजीत जिंकून आणतो!"

आजवर हरलो तो रायफलच्या जुन्या नळीमुळे. माझा मेव्हणा व्हर्नन म्हणतो, "नाचता येईना, अंगण वाकडं!" पण त्याला काय कळतंय? मी कारागिराकडून हातानं घडवून घेतलेली नवी नळी बसवली. कारागीर निवडण्यात अख्खा हिवाळा गेला. जे फोन उचलत होते ते बाद! फोन उचलायला ज्याला वेळ आहे, तो कसला कारागीर? शेवटी आयडाहोच्या डोंगरात एक म्हातारा सापडला. त्यानं उलट माझीच मुलाखत घेतली, वर्षभर ताटकळवलं आणि बजावलं, "नळी सरळ आहे. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

मैदानावर शेजारच्याच टेबलाला व्हर्नन! बंदूक आजोबांची, आणि शिस्तीच्या नावानं बोंब.

"व्हर्नन, 'गोळीबार बंद' म्हटलं की बंदुकीला हात लावायचा नाही! पिवळ्या रेघेमागे हो! बंदुकीचा बोल्ट उघडा ठेव!"

"माझा उघडाच आहे, दाजी. तुम्ही तोंडाचा तेवढा लावून घ्या!"

वर्षानुवर्षं सांगतोय, पण नळी फुंकली सोनारे!

इशारा झाला. माझ्या बंदुकीवरची दुर्बीण इतकी जबरदस्त, की तिच्यात निशाण्याच्या एका कागदाशिवाय काही दिसतच नव्हतं. कागदाच्या वर लावलेला टेबलाचा नंबरसुद्धा नाही! पाच गोळ्या झाडल्या, पाचही एकाच भोकात! व्हर्ननच्या गोळ्यांनी मागच्या ढिगाऱ्याची माती तेवढी उडवली.

मैदानप्रमुख गुंडरसनबाई कागद घेऊन आल्या. "सात नंबर कोरा. आठ नंबर... अगं बाई, पाचही एकाच भोकात! आठ कुणाचा?"

"माझा," व्हर्नन माझ्याकडे बघत म्हणाला.

सात माझा होता!

बाईंनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "कुणी दुसऱ्याच्या कागदावर तर नाही ना झाडल्या? नियम ठाऊक आहे ना? वर्षभर मैदानाबाहेर!"

हा नियम गेल्या सभेत कुणी मांडला होता, ते कृपा करून विचारू नका. टर्की सोडावी, की नवीकोरी नळी वर्षभर भिंतीला टांगावी?

"मग तुमचा कागद कोरा कसा?" बाईंनी मलाच विचारलं. "एवढी भारी नळी!"

"नळी... अजून रुळायची आहे," मी पुटपुटलो.

थँक्सगिव्हिंगची पंगत अर्थातच व्हर्ननकडे बसली. लॉर्नाकडे बघायची सोय नव्हती. व्हर्ननने टर्की कापली, सगळ्यांना मऊ मऊ मांस वाढलं, आणि तंगडीचं एक हाड माझ्या ताटात ठेवलं.

"घ्या दाजी, नळी! आता रुळली असेल."