आमच्या काठावर तर चालतं

बाळांनो, एका जंगलात एक नियम होता. पत्ता लिहिताना दोन ठिकाणांच्या मध्ये नखाने रेघ मारायची आणि ती डावीकडेच कललेली मारायची. का, असं विचारायचं नाही. झिपरी खारीने लहानपणी एकदा विचारलं होतं. तेव्हा तिला दिवसभर शेपटी धरून उभं केलं होतं.

त्या जंगलात घरं मुंग्या बांधत. पानावर पत्ता लिहून द्यायचा: आधी झाड, मग ढोली, मग कोपरा. रेघ दिसली की मुंग्या आत शिरत आणि नेमक्या जागी घर बांधत. फार कामसू जात. डोकं मात्र अजिबात चालवायच्या नाहीत.

नदीपलीकडेही अशाच मुंग्या होत्या. पण तिकडची रेघ उजवीकडे कललेली. तुमच्या ताईच्या कंप्युटरवर नाही का, विंडोजमध्ये फाइलच्या पत्त्यात एक रेघ आणि लिनक्समध्ये उलटी? तसंच. फायली जोडून प्रोग्रॅम बांधणारी जावास्क्रिप्टची बिल्ड-टूल्स म्हणजे तरी काय, सांगितलं तेवढंच करणाऱ्या मुंग्या!

झिपरीची थोरली बहीण पलीकडे दिली होती. तिला पिल्लं व्हायची होती. अलीकडच्या ज्येष्ठ मंडळाने मोठ्या मनाने तिच्या घराचा पत्ता पाठवला: आंबा\ढोली\कोपरा.

पलीकडच्या मुंग्यांना त्यात रेघ दिसलीच नाही. त्यांना ते सगळं एकच नाव वाटलं. त्या नावाचं झाड काही सापडेना. मग त्यांनी उघड्या माळावर घर बांधलं आणि दारावर ते लांबलचक नाव कोरलं. वर घारी घिरट्या घालत होत्या.

बहिणीला भेटायला गेलेली झिपरी ओंडक्यावरून नदी ओलांडून मंडळाकडे धावत आली.

"ससेआजोबा, ताई माळावर आहे! आज-उद्या पिल्लं होतील तिला."

"आमच्या काठावर तर हा पत्ता चालतो," मंडळाचे अध्यक्ष ससेआजोबा म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय."

"ताई तुमच्या काठावर नाहीये!"

"तिकडच्या मुंग्यांना वळणच नाही," साळिंदरकाका फिस्कारले. "त्यांना म्हणावं, मान वाकडी करून वाचा."

"अहो, रेघ मारूच नका ना! नुसती ठिकाणं क्रमाने सांगा. ज्या त्या काठच्या मुंग्या आपापली रेघ मारून घेतील."

"मग आम्हाला नखं कशाला दिलीत देवाने?" ससेआजोबा म्हणाले.

मंडळ विचाराला बसलं. सावल्या सरकल्या, गाजरं संपली. शेवटी ठराव झाला: रेघ तीच ठेवावी, पण अधिक खोल मारावी.

ससेआजोबांनी नवं पान पुढे केलं. "घे पोरी. तुझं नख तीक्ष्ण आहे, तूच मार."

"नाही मारणार."

"काय म्हणालीस?"

"नाही मारणार. मी पलीकडे जाऊन मुंग्यांना तोंडाने सांगणार. आंबा, मग ढोली, मग कोपरा. आणि आजोबा, रेघेची एवढी खात्री आहे ना? मग नातवंडांना घ्या आणि माळावरच्या त्या घरात एक दुपार काढून दाखवा. ताईला मी हलवतेय, घर रिकामंच होईल."

वरून घारीची शीळ आली. ससेआजोबांनी नातवाला पोटाशी ओढलं. साळिंदरकाकांनी काटे मिटले.

तात्पर्य: मोठ्यांचं नेहमी ऐकावं. ते कधीच चुकत नाहीत, कारण ते नदी कधी ओलांडतच नाहीत.