उजवा ब्रॉडगेज, डावा मीटरगेज

तायडेभाऊ आमच्याकडे आले की आधी गुडघे दाखवतात. पाहुणे बसलेले असोत, नवी सून असो, पायजमा वर गेलाच. "हा उजवा. ब्रॉडगेज झाला. हा डावा, अजून मीटरगेजच हाय." माझ्या मावसबहिणीनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चहाचा कप घेऊन सरळ स्वयंपाकघरात निघून गेली.

माणूस मूळचा अकोल्याचा. रेल्वेत रूळ तपासायच्या कामावर होते, बदलीनं जयपूरला आले आणि मुरलीपुऱ्यात घर बांधून इथलेच झाले. आमचे हेही रेल्वेतलेच, म्हणून शेजार जुना. भाऊ जगाकडे रुळावरूनच बघतात. लग्न रखडलेला मुलगा म्हणजे ‘आउटरला उभा’. एकदा सुरू झाली की न थांबणारी बाई म्हणजे ‘मालगाडी’. ही मालगाडी मी, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आणि दुसरं वेड धावण्याचं. पन्नाशीत डॉक्टरनं साखर वाढली म्हटलं, तेव्हापासून जे पळत सुटले ते लांब पल्ल्याच्या शर्यतींपर्यंत. भर उन्हाळ्यात सीकर रोडवर ट्रकच्या धुरात पळायचे आणि घरी येऊन तांब्यावर तांब्या ताक रिचवायचे. एकही शर्यत अर्धी सोडली नाही, ही त्यांची फुशारकी. "ड्रायव्हर कदी गाडी मधात सोडून घरी जाते काय, वैनी?"

निघताना दारातून ओरडायचे, "येतो." आतून कमलवहिनी म्हणायच्या, "या." झालं एवढंच.

मग कमलवहिनीच गेल्या. कावीळ झाली आणि पंधरवड्यात सगळं आटोपलं. भाऊंची पंचाईत झाली. आपल्यात ‘जातो’ म्हणायचं नाही, आणि ‘येतो’ म्हणावं तर ऐकायला घरात कुणी नाही. मग ते दूधवाल्याला सांगायला लागले, "भैया, येतो." दूधवाला किटली धरून उभाच. "ये तो... ये तो क्या, अंकलजी?" पुढचं वाक्य येईल म्हणून बिचारा थांबायचा, तोवर भाऊ कोपऱ्यावर. समोरच्या शर्मीणबाई तर काळजीनं मला विचारून गेल्या, "भाईसाहब रोज ‘ये तो’ बोलके चले जाते हैं, आगे कुछ बताते ही नहीं. तबीयत ठीक है ना?" मी पदर तोंडाला लावून हसले.

पुढे उजवा गुडघा गेला. सांधा बदलायचं ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचर आत नेताना भाऊ सवयीनं म्हणाले, "येतो." नर्सनं वाकून विचारलं, "ये तो क्या, बाबाजी?" मी मागून मोठ्यानं म्हटलं, "या भाऊ. लवकर या." त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मला मुळीच हसू आलं नाही.

डॉक्टरनं सांगितलं, चाला, फिरा, पण पळायचं नाव काढू नका. भाऊंनी त्याचा आपल्याला हवा तो अर्थ लावला. नवा रूळ टाकला की त्याच्यावरून काही दिवस गाड्या हळू सोडतात, त्याला रेल्वेत कॉशन म्हणतात. "कॉशन हाय वैनी. कॉशन म्हंजे गाडी बंद नाही." मी म्हटलं, अहो, डॉक्टरनं लाइनच बंद केलीय तुमची. पण ऐकतील तर ते तायडे कसले. दोन महिन्यांत लंगडत पळायला लागले. जिना उतरताना उजव्या पायाला एक शिवी, डाव्याला दुसरी, असं चालायचं.

दिवाळीत त्यांची लेक वर्षा पुण्याहून आली. "बाबा, घर विका आणि माझ्याकडे चला. एकटे किती दिवस काढाल?" भाऊ असे गरजले की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. "मी काय पार्सल आहो? उचललं अन् पुण्याले टाकलं?" पोरगी रडायला लागली. मग पैजही त्यांनीच लावली. जानेवारीतली एकवीस किलोमीटरची शर्यत मुदतीत पुरी केली तर पुण्याचा विषय कायमचा बंद. नाही झाली तर मुकाट्यानं सामान बांधतो. बापाला ओळखून असलेल्या वर्षानं कपाळाला हात लावला आणि हो म्हणाली. हा म्हातारा पाय तोडून घेईल पण पोहोचेल, अशी गल्लीची खात्री होती, आणि माझीही.

शर्यतीच्या दिवशी मरणाची थंडी. आम्ही दोघं थर्मास घेऊन शेवटच्या कमानीपाशी उभे. तरणे आले, मग पोटं सुटलेले आले, मग फोटो काढत चालणारे आले. मुदत संपत आली तरी भाऊ नाहीत. ह्यांना तिथंच उभं केलं आणि मी रस्त्याच्या कडेनं उलट्या दिशेनं चालत सुटले.

पहिल्याच वळणावर भाऊ दुभाजकावर बसलेले दिसले. मी धावतच जवळ गेले.

"भाऊ, गुडघा गेला का?"

"गुडघा एक नंबर हाय, वैनी."

"मग उठा की. ही काय कमान. अजून वेळ आहे."

"हाव. दिसून राहिली मले."

मला असा संताप आला म्हणता. त्या पायासाठी आम्ही किती बर्फ लावला, किती डबे पोहोचवले. मी दंड धरून त्यांना उठवायला गेले. त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला आणि कमानीकडे बघतच म्हणाले, "तिथं पोचलो तर त्या घरी राहा लागते, वैनी. एकट्याले."

मी तिथंच त्यांच्या शेजारी बसले. अख्ख्या गल्लीसमोर गरजलेल्या माणसाला लेकीला ‘मला घेऊन चल’ म्हणता येत नव्हतं, आणि ते आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. फार वाईट वाटलं हो. उरलेली माणसं आमच्यासमोरून पळत गेली. भाऊ प्रत्येकाचे पाय बघत होते. मग लाउडस्पीकरवर मुदत संपल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळानं खिशातून फोन काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

"वर्षाले तुमीच सांगा. म्हणा, बाबा हारले." मग खाली बघून म्हणाले, "अन् गुडघ्याचं नाव सांगजा."